वाचता येतं, पण समजतं का?

‘पोरगं धडा घडाघडा वाचतं, पण प्रश्न विचारला की गप्प बसतं.’ पालकसभेत, केंद्राच्या शिक्षण परिषदेत, मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य मी कायम ऐकत आले आहे. मी बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते आठवीच्या वर्गांना मराठी शिकवते. आमच्याकडे ऊसतोड कामगारांची मुलं पुष्कळ. दिवाळीच्या आगेमागे आईवडील कारखान्याची वाट धरतात. काही मुलं त्यांच्यासोबत जातात, काही आजीआजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. अशा मुलांना शाळेचे जे दिवस मिळतात, ते वाया जाऊ नयेत ही तळमळ मनात धरूनच मी शिकवते.

वाचनाची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा ‘वाचता येतं की नाही’ इथेच थांबते. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्के मुलंच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. हा आकडा मुख्यतः मजकूर वाचता येण्याचा आहे. वाचलेलं किती समजलं, हा त्याच्या पुढचा प्रश्न. तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण पाचवीनंतर इतिहास, विज्ञान, भूगोल, गणित सगळंच वाचून समजून घ्यावं लागतं. तिथे अडलेलं मूल सगळ्याच विषयांत मागे पडतं आणि मग आपण त्याला ‘ढ’ ठरवून मोकळे होतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं : आकलन आपण तपासतो पुष्कळ, शिकवतो फार थोडं. ते शिकवता येतं. कसं, ते वर्गात जे उमजलं त्यावरून सांगते.

१. कुठे अडलंय, ते आधी शोधावं

दोन मुलं उताऱ्यावरचे तेच प्रश्न चुकवतात, म्हणून दोघांचं दुखणं एकच असतं असं नाही. मी एक साधी तपासणी करते. मुलाला एक उतारा स्वतः वाचायला देते आणि त्यावर बोलते. मग तेवढाच सोपा-अवघड दुसरा उतारा त्याला वाचून दाखवते आणि त्यावरही बोलते. ऐकलेलं नीट कळतं पण वाचलेलं कळत नाही, तर गाडी अक्षरांपाशी अडली आहे असं समजावं. जोडाक्षर आलं, रफार आला की त्याचं सगळं लक्ष तो शब्द सोडवण्यात जातं आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात निसटलेली असते. ऐकूनही कळत नसेल, तर अक्षरं गिरवून उपयोग नाही. तिथे शब्द कमी पडताहेत, विषय अनोळखी आहे, किंवा वाक्याची घडण पेलत नाही.

गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली हेच गुणाकाराच्या रूपात मांडलं. एका बाजूला लिहिलेलं उलगडता येणं, दुसऱ्या बाजूला भाषा समजणं, आणि या दोहोंचा गुणाकार म्हणजे वाचनाचं आकलन. दोन्हींपैकी एक जरी शून्य असलं, तरी गुणाकार शून्यच.

पहिल्या प्रकारच्या मुलांना मी रोज एक लहानसा परिच्छेद जोडीने तीन-चार वेळा वाचायला देते. दर वेळी वाचन थोडं सुटत जातं आणि अर्थाकडे लक्ष द्यायला सवड मिळते. निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचता यावेत, असं ध्येय ठेवलं आहे. त्यातल्या ‘समजून’कडे दुर्लक्ष झालं, की मुलं शर्यत लावल्यासारखी वाचत सुटतात आणि पूर्णविरामापाशीही थांबत नाहीत. म्हणून मी घड्याळ लावते तेव्हाही शेवटी एकच गोष्ट विचारते : ‘काय झालं, सांग बरं?’

२. उत्तर सापडलं म्हणजे अर्थ कळला असं नाही

वर्षाच्या सुरुवातीला मी फळ्यावर एक वाक्य लिहिते : ‘लोटक्याने भिंगळी टुमकात रेवली.’ यातला एकही शब्द खरा नाही. मग प्रश्न विचारते. भिंगळी कोणी रेवली? लोटक्याने. लोटक्याने काय रेवली? भिंगळी. कुठे रेवली? टुमकात. सगळा वर्ग हात वर करतो, सगळी उत्तरं बरोबर येतात. मग विचारते, ‘का रेवली?’ आणि वर्ग थांबतो.

स्वाध्यायातले कितीतरी प्रश्न याच जातीचे असतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या पुढचं-मागचं वाक्य उतरवून काढायचं. मुलं हे कसब लवकर कमावतात आणि वह्यांवर ‘बरोबर’च्या खुणा पडत राहतात. अमेरिकेतल्या डोलोरेस डर्किन यांनी १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चौथीच्या आसपासच्या वर्गांत बसून नोंदी घेतल्या. शिक्षक मुलांना प्रश्न विचारत होते, स्वाध्याय देत होते, उत्तरं तपासत होते, पण समजून कसं घ्यायचं ते शिकवण्यात जाणारा वेळ नगण्य होता. आपल्याकडचे तासही यापेक्षा फार निराळे नसतात.

‘कोण, काय, कुठे’ हे प्रश्न सोडून द्यावेत असं मी म्हणत नाही. मजकुरात पाय रोवायला ते लागतात. पण दर उताऱ्यावर एक तरी प्रश्न असा असावा, की ज्याचं उत्तर उताऱ्यात जसंच्या तसं छापलेलं नाही आणि तरीही उताऱ्यावाचून देता येत नाही.

३. आपण कसं वाचतो, ते मुलांना उघड करून दाखवावं

सराईत वाचणाऱ्याच्या मनात वाचताना बरंच काही चाललेलं असतं. तो अंदाज बांधतो, मागे वळतो, दोन गोष्टी जोडतो. हे सगळं मनातल्या मनात घडत असल्यामुळे मुलांना ते दिसत नाही. हुशार मुलांना सगळं आपोआपच कळतं, असं त्यांना वाटतं. म्हणून आठवड्यातून एखादा परिच्छेद मी मुलांसमोर मोठ्याने विचार करत वाचते.

मीच रचलेला एक तुकडा असा : ‘आजीने आभाळाकडे बघितलं. “अगं सुमन, कुरडया!” हातातलं काम टाकून सुमन गच्चीकडे पळाली.’

मी पहिलं वाक्य वाचते आणि थांबते. ‘आजीने आभाळाकडे बघितलं. का बघितलं असेल? अजून कळत नाही. पुढे जाऊ.’ दुसरं वाक्य. ‘कुरडया म्हणजे उन्हाळा असणार. आजी सुमनला कुरडया खायला बोलावतेय का? पण तिने फक्त शब्द उच्चारलाय, पूर्ण वाक्यही बोलली नाही. म्हणजे घाई आहे.’ तिसरं वाक्य. ‘सुमन गच्चीकडे पळाली. म्हणजे कुरडया गच्चीवर वाळत घातल्या आहेत. आजीने बघितलं आभाळाकडे. वळवाचं आभाळ भरून आलं असणार.’

तीन वाक्यांत पाऊस, ढग, वाळवण यांपैकी एकही शब्द नाही. तरी चित्र पूर्ण झालं. ते कसं झालं, हे मुलांनी डोळ्यांदेखत पाहिलेलं असतं. पुढच्या तुकड्याला मी एखाद्या मुलाला उभं करते आणि म्हणते, ‘आता तू वाच, आणि मनात जे येतं ते बोल.’ पहिल्यांदा मुलं लाजतात. महिन्याभरात ती स्वतः थांबून म्हणायला लागतात, ‘मॅडम, इथे मला वेगळंच वाटलं होतं.’ हे वाक्य माझ्या वर्गातलं सगळ्यात आवडतं वाक्य आहे.

४. ‘कशावरून?’ हा प्रश्न सोडू नये

कुरडयांचा तुकडा वाचल्यावर एक मुलगा म्हणाला, ‘गच्चीवर माकडं आली असतील.’ उत्तर चांगलं होतं. आमच्याकडे माकडं खरंच वाळवणाची नासाडी करतात. ‘चूक’ म्हणून त्याला खाली बसवण्यापेक्षा मी त्याला आणि वर्गाला विचारलं, ‘कशावरून?’ तो म्हणाला, सुमन पळाली त्यावरून. एक मुलगी म्हणाली, ‘पण आजीने आभाळाकडे बघितलं. माकडं असती तर गच्चीकडे बघितलं असतं.’ मुलाने पुन्हा पहिलं वाक्य वाचलं आणि मान डोलावली.

या दोन मिनिटांत मुलं तीन गोष्टी शिकली. एक, उत्तराला मजकुरातला आधार लागतो. दोन, सगळे आधार सारख्या वजनाचे नसतात. तीन, मत बदलणं म्हणजे हरणं नव्हे. माझ्या वर्गात बरोबर उत्तर देणाऱ्यालाही ‘कशावरून?’ विचारलं जातं. फक्त चुकलेल्याला विचारलं, तर प्रश्न म्हणजे ‘तू चुकलास’ असा इशारा होतो आणि मुलं विचार न करता उत्तर बदलतात.

या प्रश्नानंतर थांबण्याची सवय मात्र शिक्षकाला लावून घ्यावी लागते. मूल ओळीवरून बोट फिरवत आधार शोधत असतं, तेवढा वेळ वर्गात शांतता राहू द्यावी. घाईने आपणच उत्तर सांगितलं, की मुलाचं शोधणं तिथेच संपतं.

५. लहान शब्दांकडे मोठं लक्ष द्यावं

अवघड शब्दांचे अर्थ आपण फळ्यावर लिहून देतो. मुलं अडतात मात्र पुष्कळदा सोप्या शब्दांवर. ‘तो, ती, त्याने, आपण’ हे शब्द कुणासाठी आले आहेत, ‘म्हणून, कारण, तरी, मात्र’ यांनी वाक्याला कुठे वळवलं, हे निसटलं की उतारा हातचा जातो.

सर्वनामांसाठी मी पेन्सिलीने बाण काढायला लावते. ‘धोंडिबाने बैलाला पाणी पाजलं. मग तो सावलीत जाऊन बसला. शेपटीने माशा हाकलू लागला.’ दुसरं वाक्य वाचून बहुतेक मुलं ‘तो’पासून धोंडिबापर्यंत बाण काढतात. तिसरं वाक्य वाचलं की खोडरबर निघतात. आधी लावलेला अर्थ पुढच्या वाक्याने बदलू शकतो, हे समजावून सांगण्याची मग गरज उरत नाही.

जोडणाऱ्या शब्दांसाठी अर्धी वाक्यं देते. ‘रात्रभर पाऊस पडला म्हणून…’ आणि ‘रात्रभर पाऊस पडला तरी…’ पहिलं वाक्य मुलं ‘नदीला पाणी आलं’ असं पुरं करतात, दुसरं ‘तलाव भरला नाही’ असं. मग ‘जरी–तरी’, ‘जो–तो’, ‘जेव्हा–तेव्हा’ अशा जोड्यांची लांब वाक्यं घेऊन त्यांचे दोन-तीन तुकडे करायचे आणि परत जोडायचे. ‘महादू आला’, ‘महादूही आला’, ‘महादू आला म्हणे’ ही तीन वाक्यं शेजारी लिहून विचारावं : आणखी कोणी आलं होतं हे कोणत्या वाक्यावरून कळतं? सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेलं नाही, हे कोणत्या वाक्यावरून? व्याकरणाच्या तासाला अव्ययांचे प्रकार पाठ करणारी मुलं इथे पहिल्यांदा त्यांचा उपयोग पाहतात.

६. विषय ओळखीचा असला की कच्चं मूलही पक्कं वाचतं

एकदा मी ऊसतोडीवर एक उतारा तयार केला. त्यात एक वाक्य होतं : ‘मुकादमाकडून उचल घेतली, तेव्हाच त्याचे पुढचे सहा महिने ठरून गेले.’ पेठेत राहणाऱ्या, एरवी पहिल्या नंबरात असणाऱ्या मुलांना हे वाक्य उलगडेना. एकीने उचल म्हणजे ओझं उचलणं असा अर्थ लावला. मागच्या बाकावरची, फडावर राहून आलेली मुलं मात्र सरळ बोलू लागली. उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, ते फिटेपर्यंत काम सोडता येत नाही, पैसे फिटले नाहीत तर पुढच्या वर्षी परत जावं लागतं. कोपी, मोळी, वाढं, कोयता हे शब्दही त्यांनीच उलगडून सांगितले. त्यातही कोयता म्हणजे हत्यार आणि कामावरची नवरा-बायकोची जोडीही. त्या दिवशी वर्गाचे गुरू तीच मुलं होती.

याच मुलांना समुद्रकाठच्या दीपगृहावरचा उतारा दिला. त्यात ‘सकाळची भरती ओसरली होती’ असं होतं. एका मुलाने विचारलं, ‘मॅडम, भरती सकाळीच असते का?’ त्याच्या डोळ्यांपुढे पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी गावातली पोरं होती. समुद्र त्याने पाहिलेला नव्हता. आपल्याजवळ होतं त्यातून त्याने अर्थ लावला, म्हणजे तो वाचताना विचार करत होता. कमी होती ती माहितीची.

रेक्ट आणि लेस्ली यांनी १९८८ साली अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या ६४ मुलांवर असाच प्रयोग केला होता. उतारा बेसबॉलच्या खेळाचा होता आणि वाचलेला प्रसंग मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर मांडून दाखवायचा होता. वाचनात कच्ची ठरलेली पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्क्या पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली.

तेव्हा ‘याचं आकलन कच्चं’ असा शिक्का मारण्याआधी विषय कोणता होता, ते पाहावं. आणि मुलांचं जग वाढवावं. वाचनाआधी पाच मिनिटं चित्र दाखवून, नकाशा उघडून, एखादी वस्तू हाती देऊन बोलावं. एकाच विषयावरचे तीन-चार मजकूर सलग वाचायला द्यावेत. समुद्रावर एक धडा, मग कोळी माणसांवर लेख, मग भरती-ओहोटीची माहिती, मग एखादी गोष्ट. चौथ्या मजकुराला तीच मुलं किती निर्धास्त वाचतात, ते पाहण्यासारखं असतं. आज समुद्र, उद्या अंतराळ, परवा शिवकाल असं रोज विषय बदलत राहिलं, तर कुठलाच शब्द मुलांच्या जवळचा होत नाही.

७. ‘समजलं का?’ या प्रश्नाचा उपयोग नाही

‘समजलं का?’ विचारलं की वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. मुलं खोटं बोलत नाहीत. आपल्याला समजलेलं नाही, हेच त्यांना कळलेलं नसतं. एलेन मार्कमन यांनी १९७९ मध्ये मुलांना मुद्दाम विसंगत मजकूर ऐकवले. एकात म्हटलं होतं, की समुद्राच्या तळाशी अजिबात उजेड नसतो, आणि पुढे, की तिथले काही मासे अन्न त्याच्या रंगावरून ओळखतात. कितीतरी मुलांना त्यात काही खटकलं नाही.

मी असेच उतारे करते. ‘उन्हाळा कडक होता. गावची विहीर महिनाभर ठणठणीत कोरडी पडली होती. सदा पहाटे विहिरीवर गेला, पोहरा सोडला आणि काठोकाठ भरून वर ओढला. मग त्याने गुरांना पाणी पाजलं.’ पहिल्यांदा मुलं हे बिनतक्रार वाचून काढतात. ‘यात एक गडबड आहे, शोधा,’ म्हटल्यावर दोघा-तिघांना सापडते. काही दिवसांनी न सांगताही हात वर होऊ लागतात, आणि मग पाठ्यपुस्तकातल्या वाक्यांवरही शंका येऊ लागतात. त्या मी मनापासून ऐकते.

यासोबत पेन्सिलीच्या दोन खुणा शिकवते. समजलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, नवं किंवा नवलाचं वाटलं तिथे उद्गारचिन्ह. वाचून झाल्यावर चर्चा प्रश्नचिन्हांपासून सुरू करायची. ज्याच्या पानावर एकही प्रश्नचिन्ह नाही, त्याच्याजवळ मी जाऊन बसते. ‘मला इथे कळलं नाही’ असं म्हणणाऱ्या मुलाचं वर्गात कौतुक झालं पाहिजे. ते झालं नाही, तर सगळी मुलं ‘हो’च म्हणत राहणार.

८. प्रश्न मुलांनी काढावेत

पॅलिन्क्सार आणि ब्राऊन यांनी १९८४ मध्ये एक पद्धत मांडली. मुलं छोट्या गटात उतारा वाचतात आणि चार कामं आळीपाळीने करतात : पुढे काय येईल याचा अंदाज, अडलेल्या जागेचा उलगडा, वाचलेल्यावर प्रश्न आणि थोडक्यात सार. सुरुवातीला शिक्षक करून दाखवतो, हळूहळू मुलंच गट चालवतात. मला ही पद्धत आमच्या वर्गांना फार मानवलेली दिसते. पटसंख्या कमी असो की दोन इयत्ता एकत्र बसत असोत, चार मुलांचा गट कुठेही बसतो.

सार काढायला शिकवताना मी शब्दांची मर्यादा घालते. आधी पाच वाक्यांत सांग, मग दोन, मग एका. एका वाक्यात सांगताना काय ठेवायचं नि काय सोडायचं यावरून गटात वादावादी होते. ती होऊ द्यावी, कारण महत्त्वाचं काय याचा निवाडा मुलं तिथे करत असतात.

९. बोलणं मुलांच्या बोलीत होऊ द्यावं

बंजारा तांड्यावरून येणारी मुलं घरी गोरमाटी बोलतात. गटात ती आपसांत गोरमाटीतच उताऱ्यावर बोलतात आणि मला मराठीत सांगतात. त्यांना अडवू नये. अर्थ ज्या भाषेत लवकर धरता येतो, त्या भाषेत आधी धरावा. नंतर तो प्रमाण मराठीत मांडायला शिकवणं आपलं काम. ‘शुद्ध बोल’ म्हणून मध्येच टोकलं, की मूल बोलायचंच थांबतं, आणि मग त्याला काय समजलं हे कळायला आपल्याकडे दुसरा मार्ग उरत नाही. फलटणची प्रगत शिक्षण संस्था आणि पालघर जिल्ह्यातल्या सोनाळे इथली क्वेस्ट ही संस्था यांनी मुलांच्या बोलण्यातून, त्यांच्या अनुभवातून वाचन-लेखनाकडे नेण्याचं मोलाचं काम केलं आहे. प्रत्येक शिक्षकाने ते समजून घ्यावं.

१०. गणित चुकतं तिथेही वाचन पाहावं

‘राधाकडे १२ पेरू आहेत. ते मीनाकडच्या पेरूंपेक्षा ५ ने जास्त आहेत. मीनाकडे किती पेरू आहेत?’ अर्धा वर्ग १७ लिहितो. बेरीज-वजाबाकी सगळ्यांना येते. ‘जास्त’ हा शब्द दिसला की अधिकचं चिन्ह द्यायचं, ही सवय आड येते. अशा वेळी मी आकडे झाकते आणि विचारते, ‘कुणाकडे जास्त आहेत? राधाकडे की मीनाकडे?’ एवढं वाचून ठरवलं की गणित सुटतं. शिष्यवृत्तीच्या परीक्षेतही ‘पुढीलपैकी चुकीचा पर्याय निवडा’ यातला ‘चुकीचा’ न वाचल्यामुळे तयारीची मुलं गुण घालवतात. म्हणून आकलन ही एकट्या मराठीच्या शिक्षकाची जबाबदारी नाही. विज्ञानाच्या, भूगोलाच्या तासालाही परिच्छेद थांबत थांबत वाचला पाहिजे.

११. पुस्तकं हाताशी हवीत आणि घरी ऐकणारा हवा

हे सगळं पाठ्यपुस्तकावर भागत नाही. मुलांना भरपूर आणि मनाजोगतं वाचायला मिळालं पाहिजे. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे. ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स यांची चित्रपुस्तकं आहेत. ती कपाटात कुलूपबंद न ठेवता दोरीवर टांगावीत, फाटली तर चिकटवावीत. आठवीच्या मुलाला चौथीचं पुस्तक घ्यावंसं वाटलं, तर घेऊ द्यावं. मोठ्या वर्गांनाही रोज दहा मिनिटं एखादी लांब गोष्ट वाचून दाखवावी. स्वतः वाचायला अजून जड जाणारी भाषा मुलांच्या कानावर पडते आणि पुढे वाचताना ती ओळखीची वाटते.

आईवडिलांना वाचता येत नाही म्हणून घरचा हातभार नाही, असं मानू नये. आमच्याकडच्या कितीतरी आज्यांना अक्षरओळख नाही, पण गोष्ट ऐकायला त्या तयार असतात. आज वाचलेलं रात्री आजीला सांगायचं आणि आजीने मध्येमध्ये ‘मग?’ ‘असं का केलं त्यानं?’ विचारायचं, हा माझा गृहपाठ असतो. फडावर गेलेली मुलं पुस्तक सोबत नेतात आणि कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, आईला सांगतात. न वाचलेल्या माणसाला गोष्ट सांगून समजवायची, तर ती आधी स्वतःला पुरती समजावी लागते.

शेवटी परीक्षेबद्दल. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत अपठित उतारा असतो, आकलन कृती असतात, स्वमत असतं. त्यासाठी ‘आधी प्रश्न वाचा, मग उताऱ्यात उत्तर शोधा’ ही युक्ती सर्रास सांगितली जाते. वेळ वाचवायला ती चालेल, पण पाचवीपासून हीच सवय लावली, तर मूल उतारा कधीच पूर्ण वाचत नाही. समजून वाचणाऱ्या मुलाला परीक्षेचं तंत्र आठ दिवसांत शिकवता येतं. नुसतं तंत्र शिकलेल्या मुलाला समजून वाचणं मात्र आठ दिवसांत शिकवता येत नाही.

आणि ही मुलं परीक्षेपुरतीच वाचणार नाहीत. उद्या त्यांच्यापुढे उचलीचा करार येईल, बँकेचा कागद येईल, औषधाच्या बाटलीवरची सूचना येईल, मोबाइलवर कुणीतरी पुढे धाडलेला मजकूर येईल. तिथे वाचलेलं पारखून घेता आलं नाही, तर त्याची किंमत ती आणि त्यांची घरं मोजतील. म्हणून शिक्षक मित्र-मैत्रिणींना माझी कळकळीची विनंती आहे. नवीन योजना, नवीन साहित्य, नवीन प्रशिक्षण यांची वाट पाहू नका. उद्याच्या तासाला चालू धड्यातला एकच परिच्छेद निवडा. तो मुलांसमोर थांबत थांबत, विचार बोलून दाखवत वाचा, आणि मुलं जे उत्तर देतील त्याला ‘कशावरून?’ विचारा. रोज एका परिच्छेदाला पंधरा मिनिटं दिली, तर धडे पूर्ण व्हायला थोडा उशीर होईल. तेवढा उशीर मला मान्य आहे.